कपड्यामागची नियत

मुस्लिम स्त्रीच्या पोशाखाची चर्चा महाराष्ट्रात सुरू झाली की ती एकाच प्रश्नापाशी येऊन अडते. हे धर्मात सांगितले आहे की नाही? मौलाना म्हणतात, सांगितले आहे, म्हणून घातलेच पाहिजे. न्यायालय ग्रंथ चाळून म्हणते, अनिवार्य असे काही दिसत नाही, म्हणून काढायला सांगितले तर बिघडत नाही. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या उलट आहे, पण दोघांची रीत एकच आहे. ग्रंथातून उत्तर काढायचे आणि ते स्त्रीच्या अंगावर लागू करायचे. या रीतीत एक मोठी गोष्ट सुटून जाते, आणि ती धर्माच्याच दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मर्यादाशील पोशाखाला इस्लाममध्ये जे काही धार्मिक मोल आहे ते तो घालणारीच्या नियतीमुळे, म्हणजे मनातल्या हेतूमुळे आहे. नियत हुकमाने तयार होत नाही आणि हुकमाने नाहीशीही होत नाही. म्हणून डोक्यावरचे कापड सक्तीने घालायला लावणारा आणि सक्तीने काढायला लावणारा, हे दोघेही धर्माच्या प्रांतात काहीच करत नसतात. ते सत्ता चालवत असतात. हे म्हणणे तपासून पाहायला कोल्हापूरइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल, कारण मर्यादेची अनेक रूपे या एकाच मुलखात नांदलेली आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार मुस्लिमांचे प्रमाण सुमारे सात टक्के आहे. त्यांतले बहुसंख्य इथल्या मातीतले आहेत. मुजावर, मुल्लाणी, शिकलगार, पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी, जमादार ही आडनावे गावगाड्यातल्या कामांशी आणि वतनांशी जोडलेली आहेत. घरात दखनी आणि उंबऱ्याबाहेर मराठी, किंवा दोन्हीकडे मराठीच, अशी त्यांची बोली. या घरांतल्या बायकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पोशाख लुगडे-चोळी, पुढे सहावारी साडी. अजान कानावर आली, थोरले माणूस समोर आले, दर्ग्याची पायरी चढायची वेळ आली की पदर डोक्यावर यायचा. शेजारची मराठा बाई देवळात जाताना किंवा सासऱ्यासमोर नेमके हेच करायची. शिरोळ-हातकणंगल्याच्या रानात भांगलण करणाऱ्या आणि बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या मुस्लिम बायकांना बुरखा परवडणाराही नव्हता आणि सुचणाराही नव्हता. म्हणून त्या कमी मुसलमान होत्या का? त्या रोजे धरत होत्या, नमाज पढत होत्या, मोहरमच्या पंज्यांपुढे नवस बोलत होत्या. ज्या शहरात मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की काही तालमींत पंजे आणि गणपती एकाच मांडवाखाली बसतात, त्या शहराने मर्यादेची एक सामायिक भाषा घडवली होती. त्या भाषेत पदर होता. त्या बायकांनी तो कुणा मुफ्तीचा फतवा वाचून घेतला नव्हता आणि कुणा न्यायाधीशाने तो तपासला नव्हता.

याच मुलखात कडक पडदाही होता, आणि तो प्रामुख्याने हिंदू घरांत होता. कोल्हापूर संस्थानातील खानदानी मराठा घराण्यांत गोषा पाळला जाई. राजस्त्रिया आणि सरदारांच्या बायका परपुरुषाच्या नजरेस पडत नसत, त्यांच्या गाड्यांना पडदे असत, वाड्यात त्यांची बसण्या-उठण्याची जागा वेगळी असे. गोषा ही प्रतिष्ठेची खूण होती. जिला शेतात राबावे लागत नाही तीच गोषात राहू शकते, आणि जी गोषात राहते ती थोरामोठ्यांच्या घरची, असा त्याचा अर्थ. मुस्लिम समाजातही उमराव घराण्यांतला पडदा आणि कष्टकऱ्यांचा पदर यांत हाच फरक होता. धर्माच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी मुळात वर्गाच्या आणि मानमरातबाच्या असतात, हे गोषाकडे पाहिले की स्वच्छ कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा गोषा गेला कसा. तो बंद करायला कायदा करावा लागला नाही. राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी १९१८ साली शिकारीच्या अपघातात गेले. मागे राहिलेल्या कोवळ्या वयाच्या सुनेच्या, इंदुमतीदेवींच्या, शिक्षणाची व्यवस्था महाराजांनी सोनतळीला केली. राजघराण्यातल्या विधवेने पुस्तक हाती धरणे त्या काळात सोपे नव्हते. याच इंदुमतीदेवींनी पुढे कोल्हापुरात स्त्रियांच्या शिक्षणासाठी संस्था उभ्या केल्या. गोषा शिक्षणाने विरला. शिकलेल्या बाईने काय ठेवायचे आणि काय सोडायचे ते स्वतः ठरवले; डोक्यावरचा पदर पुष्कळ जणींनी ठेवला, पडद्याची गाडी सोडली.

आता ग्रंथाकडे येऊ, कारण तिकडे पाठ फिरवून हा वाद करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कुराणात मर्यादेचा विषय मुख्यत्वे सूरा नूरमध्ये येतो. तिथे आधी पुरुषांना सांगितले आहे की नजर खाली ठेवा आणि आपले शील सांभाळा. त्यानंतरच्या आयतीत स्त्रियांना तेच सांगून पुढे ओढणीने छाती झाकण्याचा, आपली शोभा उघड न करण्याचा आदेश येतो. सूरा अहजाबमध्ये बाहेर पडताना अंगावर चादर ओढून घेण्याचा उल्लेख आहे. तिथे कारणही दिले आहे, त्या ओळखू याव्यात आणि त्यांना कुणी त्रास देऊ नये. त्याच सूरेत पैगंबरांच्या पत्नींशी पडद्याआडून बोलण्याची सूचना आहे, ती त्या घरापुरती आणि त्या प्रसंगापुरती आहे असे अनेक भाष्यकार मानतात. सूरा आराफमध्ये तर वस्त्रांविषयी बोलता बोलता असे म्हटले आहे की ईशभीरुतेचे वस्त्र सर्वांत चांगले. या आदेशांतून प्रत्यक्ष किती झाकायचे यावर फकिहांमध्ये, म्हणजे इस्लामी विधिज्ञांमध्ये, शतकानुशतके मतभेद आहेत. भारतातले बहुसंख्य मुस्लिम हनफी परंपरेतले, कोकणातले पुष्कळसे शाफई. हनफी मताची मुख्य धारा चेहरा आणि हात उघडे ठेवायला मोकळीक देते. चेहराही झाकावा असे म्हणणारे विद्वान सर्वच परंपरांत आहेत. पण हज यात्रेत इहराममध्ये, म्हणजे यात्रेच्या पवित्र अवस्थेत, असलेल्या स्त्रीने चेहऱ्यावर नकाब बांधू नये, असा पैगंबरांचा आदेश हदीसमध्ये आहे. लाखो परपुरुषांच्या गर्दीत, श्रद्धेच्या सर्वांत मोठ्या क्षणी, चेहरा नकाबाने बांधायचा नाही. या सगळ्यातून मला जे दिसते ते असे: मर्यादा हे तत्त्व पक्के आहे, ते स्त्री-पुरुष दोघांना आहे, आणि त्याचे रूप काळ, देश आणि प्रसंग यांवर सोपवलेले आहे. लुगड्याचा पदर हे त्या तत्त्वाचे कोल्हापुरी रूप होते. आज काही मौलवी आणि काही घरे मुलींना सांगतात की साडी हा आपला पोशाख नाही, आजीने जे नेसले ते अज्ञानातून नेसले. हे मला फार वेदनादायक वाटते. त्या आज्यांच्या पदरात सूरा नूरचा सारा आशय सामावत होता.

तत्त्वाला रूप कोण देणार, हा पुढचा प्रश्न. इथे नियत मध्ये येते. कर्माचे मोल त्यामागच्या हेतूवर ठरते, हा विचार इमाम बुखारींच्या हदीससंग्रहात पहिल्याच जागी ठेवलेला आहे. नियतीशिवाय पढलेली नमाज ही नमाज होत नाही, यावर सर्व परंपरांचे एकमत आहे. दिवसभर अन्न मिळाले नाही म्हणून उपाशी राहिलेल्या माणसाचा रोजा होत नाही. मग भावाच्या धाकाने गुंडाळलेल्या कापडाला ईश्वराच्या दारी कोणते मोल? यावर एखादा जाणता आलीम आक्षेप घेईल, आणि त्याचा आक्षेप दुबळा नाही. तो म्हणेल, नमाज-रोजा ही इबादत, म्हणजे उपासना आहे, तिला नियत लागते; अंग झाकणे हे कर्तव्य आहे, ते चोरी न करण्यासारखे. भीतीने का होईना, माणसाने चोरी केली नाही तर समाजाचे भलेच होते, तसेच हेही. भले सांगावे आणि बुरे रोखावे ही जबाबदारी समाजावर आहेच. पण चोरीत दुसऱ्याचे नुकसान होते, म्हणून तिथे हात धरण्याचा अधिकार पोचतो. उघड्या केसांनी कुणाचे काय नुकसान होते? पुरुषाचे मन ढळते असे म्हणाल, तर त्याचा उपाय कुराणाने आधीच्याच आयतीत सांगून ठेवला आहे, आणि तो पुरुषाच्या डोळ्यांसाठी आहे. चोरीसाठी कुराणात ऐहिक शिक्षा आहे. डोके न झाकल्याबद्दल कुठेही नाही. सांगणे, समजावणे, स्वतः तसे वागून दाखवणे, एवढेच माणसाच्या हाती ठेवले आहे आणि उरलेला हिशेब ती स्त्री आणि ईश्वर यांच्यातला आहे. धर्माच्या बाबतीत जबरदस्ती नाही, हे कुराणाचे वचन मुसलमान अभिमानाने जगाला ऐकवतात. ते घरातल्या मुलीलाही ऐकवले पाहिजे.

सक्तीने काय होते याचा सर्वांत मोठा पुरावा इराणने दिला, आणि दोन्ही बाजूंनी दिला. १९३६ साली रझाशाहने पडदा बंद केला. पोलीस रस्त्यावर चादरी ओढू लागले. ज्या बायकांना उघड्या डोक्याने बाहेर पडणे लज्जास्पद वाटे त्यांनी घराबाहेर पडणेच सोडले. ज्यांना मोकळे करायचे होते त्यांनाच राजाने कोंडले. १९७९च्या क्रांतीनंतर चाक उलटे फिरले आणि काही वर्षांत डोके झाकणे कायद्याने बंधनकारक झाले. त्याचे पर्यवसान सप्टेंबर २०२२मध्ये महसा अमिनी या बावीस वर्षांच्या तरुणीच्या पोलीस कोठडीत असताना झालेल्या मृत्यूत आणि त्यानंतर उसळलेल्या आंदोलनात झाले. त्या आंदोलनात चादर घेणाऱ्या स्त्रियाही होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याला प्रिय असलेली गोष्ट दुसरीवर लादली जाऊ नये असे त्यांना वाटत होते. नियतीचा अर्थ कळलेली श्रद्धा अशी असते.

आता सुधारकांचा आक्षेप. कोल्हापुरात तो हलक्याने घेता येत नाही, कारण या शहराने मुस्लिम सुधारणेच्या लढ्याला माणसे दिली आहेत. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला, २२ मार्च १९७०ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. कोल्हापुरात हुसेन जमादार यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ते काम नेटाने चालवले, समाजाचा बहिष्कार सोसून चालवले. पोटगीविषयीच्या शाहबानो निकालाच्या वर्षी, १९८५ साली, नागपूरकडे जाणारा तलाकमुक्ती मोर्चा कोल्हापुरातूनच निघाला. या परंपरेतला माणूस विचारील, तुम्ही निवड-निवड म्हणता, पण जिला लहानपणापासून सांगितले गेले की तुझे शरीर हा फितना, म्हणजे मोहात पाडणारी गोष्ट आहे, ती निवडणार काय? त्याहून कठोर शब्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहेत. ज्या आंबेडकरांना शाहू महाराजांनी १९२०च्या माणगाव परिषदेत बहिष्कृतांचे पुढारी म्हणून उभे केले, त्यांनी पाकिस्तानविषयीच्या ग्रंथात मुस्लिम समाजातल्या पडद्यावर अत्यंत परखड टीका केली आहे. ती वाचताना आंबेडकरांचे बोट नेमके कशावर आहे हे पाहावे लागते. त्यांचा रोख बाईला चार भिंतींत डांबणाऱ्या व्यवस्थेवर आहे. तिला मोकळी हवा मिळत नाही, तिचे आरोग्य आणि मन खुरटते, सार्वजनिक जीवनात तिला जागा उरत नाही, हे त्यांचे म्हणणे. ते तेव्हा खरे होते आणि जिथे तशी कोंडी आहे तिथे आजही खरे आहे. पण आज ओढणी किंवा अबाया घालून बसने कोल्हापुरात येणारी, प्रयोगशाळेत उभी राहणारी, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरणारी मुलगी त्या व्यवस्थेत बसत नाही. ती चार भिंतींबाहेर आलेली आहे. तिच्या बाबतीत आंबेडकरांचा निकष लावायचा तर विचारावे लागेल की कशाने तिचा बाहेरचा वावर वाढतो आणि कशाने घटतो. कॉलेजच्या फाटकावर स्कार्फ काढ नाहीतर परत जा असे सांगितल्याने तो घटतो.

निवड ही दबावातून घडलेली असते, हे मला मान्य आहे. पण तशी ती कुणाची नसते? लग्नानंतर मंगळसूत्र घालावे की नाही हे महाराष्ट्रातल्या किती सुनांनी एकट्याने ठरवले? गावच्या जत्रेत जीन्स घालून गेलेल्या मुलीला आजही काय ऐकावे लागते? म्हणून मंगळसूत्र घालणारी प्रत्येक स्त्री गुलाम आहे असे आपण म्हणत नाही, आणि म्हणू नये. दबाव आणि जबरदस्ती यांच्यातली रेषा ओळखायची खूण माझ्या मते एकच आहे: नकाराची किंमत काय पडते? नाही म्हटल्यावर आई थोडी नाराज होत असेल, चुलती बोलत असेल, तर तो कुठल्याही कुटुंबातला दबाव आहे. नाही म्हटल्यावर मार बसत असेल, कॉलेज सुटत असेल, लग्न उरकले जात असेल, तर ती जबरदस्ती आहे आणि तिथे कायद्याने, समाजाने, जमातीने मुलीच्या बाजूला उभे राहिले पाहिजे. जळगावात १९८२ साली मुस्लिम स्त्रियांना सिनेमा पाहण्यास बंदी घालण्यात आली तेव्हा रझिया पटेल त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. बंदी समाजातल्याच पुढाऱ्यांची होती, आणि तिच्याविरुद्ध लढणारीही समाजातलीच होती. तो लढा न्याय्य होता, कारण प्रश्न कुणी काय पाहावे याचा नव्हता, ते ठरवायचे कुणी याचा होता. स्कार्फ काढायला लावणाऱ्या आदेशाविरुद्धचा लढा त्याच कारणाने न्याय्य ठरतो. सत्यशोधकांनी तलाक, बहुपत्नीत्व, पोटगी यांवर लढे दिले. तिथे अन्याय करणारा स्पष्ट होता आणि कायद्याने उपाय करता येत होता. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातील तिहेरी तलाक रद्द ठरवला तो त्याच मार्गावरचा टप्पा. कापडाच्या बाबतीत कायदा हात घालतो तेव्हा त्याची मूठ अन्याय करणाऱ्याऐवजी त्या मुलीवरच आवळते.

कर्नाटकात हेच घडले, आणि ते कोल्हापूरच्या उंबऱ्यावर घडले. कागल ओलांडले की निपाणी. उडुपीच्या पदवीपूर्व महाविद्यालयात हिजाबवरून वाद पेटल्यावर कर्नाटक सरकारने ५ फेब्रुवारी २०२२ला गणवेशाचा आदेश काढला. एकाच बोलीच्या, कधीकधी एकाच गोतावळ्यातल्या मुलींसाठी सीमेच्या अलीकडे एक न्याय आणि पलीकडे दुसरा झाला. १५ मार्चला कर्नाटक उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हिजाब ही इस्लामची अनिवार्य प्रथा नाही असे म्हणून आदेश कायम केला. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. हेमंत गुप्ता यांनी आदेश उचलून धरला. न्या. सुधांशु धुलिया यांनी तो रद्द ठरवताना मुलीच्या निवडीला आणि तिच्या शिक्षणाला महत्त्व दिले, आणि अनिवार्यतेच्या कसोटीत शिरण्याची गरजच नव्हती असे म्हटले. प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे गेले. न्या. धुलियांची वाट मला योग्य वाटते. अनिवार्य प्रथेची कसोटी १९५४च्या शिरूर मठ खटल्यापासून चालत आली आहे. घटना समितीत आंबेडकरांनी या संदर्भात जो भेद केला होता तो धार्मिक बाब कोणती आणि ऐहिक बाब कोणती, असा होता. वारसा, विवाह, मालमत्ता हे सगळे धर्माच्या पोटात घालू नका, एवढे त्यांना सांगायचे होते. पुढे न्यायालयांनी त्याचे रूपांतर, धर्मात ही गोष्ट अटळ आहे का, या प्रश्नात केले. यामुळे न्यायाधीशाला मुफ्तीच्या आसनावर बसावे लागते, आणि श्रद्धा जणू किमान गुणांवर उत्तीर्ण व्हायची परीक्षा होऊन बसते. वारी ही हिंदू धर्मात अनिवार्य आहे का असे कुणी विचारले तर उत्तर नाही असेच येईल. म्हणून वारकऱ्याला पंढरीच्या वाटेवर अडवायचे काय? माणसे धर्मातली किमान कर्तव्ये तेवढी प्रेमाने करत नाहीत. ज्यात त्यांचे मन गुंतते ते करतात.

गणवेशाचा मुद्दा मात्र खरा आहे. गरीब-श्रीमंत, जात-पात यांचा भेद वर्गात दिसू नये हा त्यामागचा हेतू उदात्त आहे, आणि ज्या संस्थानात १९०२ साली मागासांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या गेल्या आणि १९१७मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला तिथे समतेचे मोल वेगळे सांगायला नको. पण समता म्हणजे सारखेपणा, असे शाहू महाराजांनी कधी मानले नाही. त्यांनी मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा वेगवेगळ्या समाजांसाठी बोर्डिंगे काढायला साह्य केले. १९०६मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. मुस्लिम बोर्डिंग आजही दसरा चौकात उभे आहे. मुलगा ज्या घरातून, ज्या रीतीभातीतून येतो तसाच येऊ दे, आधी शिकू दे, हा त्यामागचा विचार. गणवेशाच्या रंगाची ओढणी डोक्यावर आली म्हणून तो विचार मोडत नाही. शीख मुलाच्या पटक्याने तो आजवर मोडलेला नाही. चेहरा झाकण्याची गोष्ट वेगळी आहे. परीक्षेत, मतदान केंद्रावर, दवाखान्यात ओळख पटवावी लागते, वर्गात शिक्षकाला विद्यार्थिनीचा चेहरा दिसणे शिकवण्याच्या दृष्टीने गरजेचे असू शकते. तिथे चेहरा उघडा ठेवण्याची अपेक्षा रास्त आहे, आणि वर सांगितलेल्या हनफी मतानुसार तिच्यात धर्माला बाधा येत नाही. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या पोशाख नियमावर २०२४मध्ये खटला झाला. उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली, तर ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपीवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा घालण्यास मात्र परवानगी दिली नाही. तूर्त तरी ही रेषा मला समंजस वाटते. ती डोके आणि चेहरा यांत फरक करते, आणि नाव, टिकली, टिळा यांतूनही धर्म दिसतोच, हे वास्तव तिने डोळ्यांआड केलेले नाही.

राहिला परकेपणाचा आक्षेप. अबाया अरबस्तानातून आली, ती आपली नाही, असे म्हणतात. असे म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या आवारात नजर टाकावी. एका पिढीत साडी जाऊन पंजाबी ड्रेस आला, मग कुर्ती-लेगिंग आली, जीन्स आली. पंजाबने आक्रमण केले अशी तक्रार कुणी नोंदवली नाही. दुचाकीवरून जाणाऱ्या सर्व धर्मांच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधतात, आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत, कारण ते धुळीसाठी आणि उन्हासाठी आहे असे आपण धरून चालतो. नेमके तेच कापड दुसऱ्या कारणासाठी बांधले की ते परके होते. तेव्हा आक्षेप कापडावर नसतो. ७ जून २०२३ला समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात जो हिंसाचार झाला, आणि १४ जुलै २०२४ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात जी घरे आणि मशीद फोडली गेली, त्यानंतर या शहरातल्या मुस्लिम स्त्रीला आपल्या कपड्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागले असेल तर त्यात नवल नाही. भीतीच्या काळात माणसे आपल्यांजवळ सरकतात आणि आपलेपणाच्या खुणा घट्ट धरतात, किंवा लपवतात. दोन्हींत नियत मागे पडते आणि भीती पुढे येते. ज्यांना पदराची जुनी सामायिक भाषा परत यावी असे मनापासून वाटते त्यांनी आधी ही भीती घालवायला हवी. मनाई केलेल्या गोष्टीला माणूस जितका चिकटतो तितका तो कुठल्याच उपदेशाला चिकटत नाही, आणि शेजाऱ्याच्या भयाने आजीच्या साडीकडे कुणी परतलेले नाही.

नियतीच्या या विचारातून एक निष्कर्ष निघतो, तो मुस्लिम समाजाला उद्देशून आहे आणि तो टाळून चालणार नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलींना डोके पूर्ण झाकायला लावण्याची पद्धत आता काही घरांत आणि काही मदरशांत दिसू लागली आहे. इस्लामी कायद्यात धार्मिक कर्तव्ये वयात आल्यावर लागू होतात. त्याआधी मुलावर ना नमाज बंधनकारक असते ना रोजा. सवय लावतात, पण गुन्हा धरत नाहीत. मग ज्या मुलीला आपले शरीर म्हणजे काय हेही अजून कळलेले नाही तिच्या डोक्यावर मर्यादेचे ओझे कशासाठी? तिच्या ठायी नियत संभवतच नाही. तिथे जे घडते ते आईवडिलांच्या नियतीचे प्रदर्शन असते, आणि त्यात मुलीला लहान वयातच शिकवले जाते की तू पाहण्याची वस्तू आहेस. ईदच्या दिवशी आईसारखी ओढणी घेऊन मिरवावेसे तिला वाटले तर खुशाल घेऊ द्या. शाळेत धावताना ती सरकली तर कुणी दटावू नये. बाईंनीही नाही आणि मौलानांनीही नाही. महाविद्यालयाच्या फाटकावर सज्ञान मुलीच्या निवडीचा हक्क मागणाऱ्या समाजाला हे आपल्या घरात आजच, कुठल्याही न्यायालयाची वाट न पाहता, करता येईल. तसे केले तर त्याच समाजाची फाटकावरची मागणी कुणाला सहज झटकून टाकता येणार नाही.